भोकं पाडून आलेली लेक

त्या राज्यात ज्याच्यात काही मावे त्यालाच फळीवर जागा मिळे. घागरीत पाणी मावे, डब्यात डाळ मावे. ज्याच्यात काहीच मावत नसे त्याला टाकीच्या दिवशी भट्टीत घालत. टाकीचा दिवस म्हणजे राजाचा दिवस. राजा होता जाते. त्या दिवशी छिन्नी टाकी लावून त्याचे गुळगुळीत झालेले अंग पुन्हा खरखरीत करून देई.

कढईची थोरली लेक लोखंडी पत्र्याची, चांगली सपाट. ती टेकडीवरच्या म्हाताऱ्या खिळ्याकडे शिकायला गेली आणि तीन वर्षांनी अंगभर भोकं घेऊन परतली.

"अगं, काय करून घेतलंस हे?" कढई तापली. "धाकटा बघ, झाकण झाला. फळीवर मानानं बसतो. तुझ्यात आता काय मावणार?"

"काही नाही, आई."

"मग तीन वर्षं शिकलीस काय, माती?"

"काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं, एवढंच."

"हे ऐकून कोण फळी देणार तुला?"

प्रश्न खरा होता आणि टाकीचा दिवस पंधरवड्यावर आला होता. चाळणी झालेली लेक विहिरीवर गेली; पाणी वाटेतच सांडले. दुधाच्या पातेल्यावर बसली. वाफ तिच्यातून निघून गेली म्हणून दूध उतू गेले नाही, पण त्याचे श्रेय शेजारच्या झाकणाने घेतले. सख्खा भाऊ, पण फळीवर बसला की असेच होते.

टाकीचा दिवस उजाडला. भट्टी पेटली. त्या दिवशीचे पहिले पीठ राजाचा प्रसाद, म्हणून त्याची भाकरी सगळ्यांनी खायची, अशी जुनी रीत. ती दाताखाली करकर वाजे आणि सगळे म्हणत, "वा, काय खुसखुशीत!" खवणीआजीचा दरवर्षी एक दात त्या भाकरीत जाई. आता दोनच उरले होते. तरी "वा" म्हणण्यात तिचाच आवाज सर्वांत मोठा.

भट्टीच्या दाराशी उभी चाळणी म्हणाली, "जाण्याआधी ते पीठ एकदा माझ्यातून जाऊ द्या."

डबा खदखदून हसला. "सगळं सांडेल की गं, बाई!"

"सांडू दे. खाली परात आहे."

"जाऊ द्या रे," खवणीआजी म्हणाली. "पोरीची शेवटची इच्छा आहे."

पीठ पांढरेशुभ्र परातीत उतरले. वर मूठभर काळी कच उरली. त्या कचेचा रंग सर्वांच्या ओळखीचा होता. कढईने डोळे मिटून घेतले.

राजा वाकला. त्याने कच निरखून पाहिली.

"हे तर माझंच अंग."

"हो, महाराज. टाकी लागली की सुटतं."

"आणि तुम्ही सगळे आजवर हे खात होता?"

खवणीआजीने फक्त तोंड उघडून दाखवले.

राजा म्हणाला, "भट्टी विझवा. आणि हिला फळी नको, माझ्याशेजारी खुंटी द्या. माझं पीठ आधी हिच्यातून जाईल, मग पानात."

त्या दुपारी खवणीआजी भाकरी नुसती चावतच राहिली. करकर कधी वाजते याची सवयीने वाट पाहत होती. वाजली नाही. तिने जिभेने दोन्ही दात चाचपले, आणि खुंटीखाली येऊन चाळणीच्या अंगावरून हात फिरवला.

पहिली भाकरी चाळणीने फडक्यात बांधून आईच्या हाती दिली होती. ती घेऊन कढई टेकडी चढली. सोबत धाकटी लेक होती, कोऱ्या पत्र्याची, सपाट.

खिळ्यापुढे भाकरी ठेवून कढई वाकली, मग धाकटीला पुढे सारत म्हणाली, "गुरुजी, हिलाही भोकं पाडा. आणि हिला जरा बारीक पाडा."