चतुराची नजर

एका गावाच्या वेशीबाहेर तळे होते. तिथे एक चतुर राहत असे. लांब शेपटीचा, काचेसारख्या पंखांचा हा किडा नावानेच चतुर, त्यामुळे वेगळे शहाणपण शिकायची गरज त्याला कधी वाटली नाही.

त्याची नजर मात्र खरोखर अजब होती. चिलटांच्या थव्यातून तो एकच चिलट हेरी. मग बाकीची चिलटे, तळे, आभाळ, सगळे त्याच्यापुरते पुसले जाई. चिलट जिथे आहे तिथे तो जात नसे. ते जिथे पोचणार, तिथे आधीच हजर होई.

एके सकाळी त्याची बायको अंडी घालायला पाण्यावर उतरली. शेपटीचे टोक पाण्याला टेकवायचे, उठायचे, पुन्हा टेकवायचे. अशा वेळी नवऱ्याने वर घिरट्या घालून राखण करायची, ही त्यांच्यातली रीत.

ती म्हणाली, "अहो, आज शिकार राहू द्या. माझ्याकडे लक्ष असू द्या."

"तू निश्चिंत राहा. हलणारं काहीही माझ्या नजरेतून सुटत नाही."

लव्हाळ्यावर म्हातारी टाचणी बसली होती, चतुराचीच नाजूक भाऊबंद. ती म्हणाली, "अरे बाबा, न हलणाऱ्याचं काय? शेवाळातला तो हिरवा उंचवटा बघ जरा. काल तो तिथं नव्हता."

चतुराने पाहिले. उंचवटा हलत नव्हता. म्हणजे त्याच्या लेखी तो नव्हताच.

"मावशी, तुमचे डोळे आता थकले," तो म्हणाला.

एवढ्यात समोरून मोहरीएवढे चिलट गेले. चतुराचे पोट भरलेले होते, तरी तो सुटला. दोन गिरक्या, आणि चिलट पायांत. पकड सुंदर होती, नाही म्हणण्यात अर्थ नाही.

मागे शेवाळातल्या बेडकाने तोंड उघडले आणि मिटले.

चतुर परतला तेव्हा पाण्यावरचे वलय विरत होते. "अगं, कुठे आहेस?" तो विचारत राहिला. टाचणीला सांगवले नाही. बेडूक ढिम्म बसून होता. चतुर दिवसभर त्याच्या डोक्यावरून रडत फिरला, पण बेडूक त्याला दिसला नाही.

संध्याकाळी एक चिलट समोरून गेले. दुःख खरे होते, पण डोळे तेच होते. चतुर त्याच्यामागे गेला.

तात्पर्य: पळणाऱ्या गोष्टींवरच ज्याची नजर, त्याला आपले माणूस कोणी नेले हे कळत नाही, आणि सगळे गमावूनही त्याचे पळणे थांबत नाही.