सू-लान आणि जड जड शिक्का

फार फार वर्षांपूर्वी, चीन देशातल्या राजवाड्यामागे तुतीची हिरवीगार बाग होती. तिथे सू-लान नावाची चिमुरडी रेशमाच्या किड्यांना पानं घालायची. बोलायची मात्र अगदी हळू. मोठ्या आवाजाने किडे दचकतात आणि खाणंच सोडतात ना!

राजा होता अवघा सहा वर्षांचा. त्याच्या नावाने कारभार हाकायचा यान-को. काय दुष्ट माणूस तो, बाई बाई! ओरडला की छपरावरची कबुतरं उडायची. सू-लानच्या आईच्या किड्यांनी पिवळंधमक रेशीम विणलं. पिवळा रंग फक्त राजाचा, म्हणून यान-कोने आईला तुरुंगात टाकलं. उद्या तिला देशाबाहेर हाकलणार होते. आता किड्यांना काय कळतंय हो, कुठला रंग कुणाचा ते!

रडत रडत पानं तोडताना सू-लानला दिसली एक इवलीशी परी, चंदेरी पंखांची, रेशमाच्या धाग्यांत गुरफटलेली. सू-लानने फुंकर घालत एकेक धागा सोडवला.

"माग गं सोनुले, एक इच्छा," परी म्हणाली. "पण स्वतःसाठी नाही, घरच्यांसाठीही नाही!"

सू-लानच्या ओठांवर आलेली आई ओठांवरच राहिली.

इतक्यात झाडामागे कुणी तरी मुसमुसलं. बघते तर छोटा राजा!

"काय झालं रे?"

"माझा शिक्का! जो उचलून उमटवेल, त्याचाच हुकूम चालतो. जात्याएवढा जड आहे गं. यान-कोकाका हसतात. म्हणतात, आधी भात खा, उंदरा!"

सू-लानने डोळे पुसले. "परीताई, याच्या हातांत बळ दे."

टिंग! राजाच्या चिमुकल्या मुठी चांदण्यांसारख्या चमकल्या.

राजा सू-लानला घेऊन थेट दरबारात गेला आणि त्याने शिक्का फुलासारखा उचलला.

"खाली ठेव तो!" यान-को किंचाळला.

"ओरडू नका, काका. सू-लान, तुला काय हवं?"

"माझी आई."

ठप्प! आई सुटली.

"आणि काकांना काय शिक्षा करू?"

सू-लान म्हणाली, "आमच्याकडे पानं घालायला पाठव. तिथे ओरडता येत नाही."

दरबार खो खो हसला. ठप्प!

आता यान-को पानांनी भरलेलं सूप हातात घेऊन किड्यांशी कुजबुजतो, "खा हं बाळांनो, खा."

पहिल्या दिवशी हे ऐकून परी पानावर खुदकन हसली, आईच्या कुशीतल्या सू-लानकडे बघून तिने हात हलवला आणि उजेडात विरघळून गेली. त्या उजेडाने सगळी बाग पिवळीधमक झाली. किडे, पानं, आई, सू-लान, सगळी पिवळी!

आणि कुण्णालाही तुरुंगात जावं लागलं नाही.