बेहड्याच्या पोटातले घर

डोंगर जिथे नदीकडे उतरू लागतो, तिथे उंच झाडांची एक दाट राई होती आणि त्या राईतल्या एका तरुण आंब्यावर एक खार राहत असे. मुलांनो, खारी तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. पण ही खार जरा निराळी होती. बाकीच्या खारी दिवसभर नुसत्या पळत असत, ही मात्र पळता पळता मध्येच थांबे. तोंडात बी, शेपटी वर आणि डोळे कुठेतरी लांब लागलेले. "खारूताई, उभ्या उभ्या झोपलीस की काय?" असे शेजारचा बुलबुल विचारी. मग ती दचकून म्हणे, "नाही रे, घर बघत होते."

तिचे स्वतःचे घर म्हणजे आंब्याच्या बेचक्यात अडकवलेला सालींचा आणि गवताचा एक गोळा. जोराचा वारा आला की तो उसवे आणि ती बिचारी पुन्हा काड्या गोळा करत बसे. ती ज्या घराकडे बघत राही, ते समोरच्या बेहड्यात होते. हा बेहडा इतका जुना होता, की राईतल्या कुणीच त्याला लहान पाहिलेले नव्हते. त्याच्या खोडात बऱ्याच उंचावर एक उभी अरुंद फट होती आणि फटीभोवती मातीचे जुने लिंपण. संध्याकाळचे ऊन तिरपे झाले, की ते त्या फटीतून आत शिरे आणि बेहड्याच्या पोटात पिवळसर उजेड पडे. जणू आत कुणीतरी दिवा लावून वाट बघत आहे. खार ते बघे आणि डोळे मिटून घेई. मिटल्या डोळ्यांपुढे ते घर आणखीच सुंदर होई. गुळगुळीत भिंती, सावरीच्या कापसाची गादी, कुठून वाऱ्याची झुळूक नाही की थेंब नाही, आणि त्या गादीवर एकमेकांच्या अंगावर झोपलेली तिची पिल्ले.

हे घर एका म्हाताऱ्या धनेशाचे होते. त्याचा जन्म तिथलाच. पुढे त्याची धनेशीण दर वर्षी त्याच ढोलीत अंडी घालून आतून दार लिंपून घेई आणि तो फटीतून तिला फळे भरवी. आता धनेशीण राहिली नव्हती. धनेशाचा एक पंख आखडला होता. तो ढोलीत जात नसे. शेजारच्या जांभळीच्या फांदीवर बसून नुसता घराकडे बघत राही. एकाच घराकडे दोघे बघत होते. एक जण मागचे आठवत होता, एक जण पुढचे रंगवत होती.

भाद्रपदात पावसाने चांगली उघडीप दिली, तेव्हा खारीने धीर केला. ती जांभळीवर गेली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं घर मला द्याल का?"

धनेशाने आपली मोठी चोच हळूच तिच्याकडे वळवली. "पडकं आहे गं ते. खालची जमीन कुजलीय, लिंपण फुटलंय. तुझ्यासारखीनं नवं घर बांधावं."

"नवं मी दर वर्षी बांधते. मला टिकणारं हवंय. आणि पिल्लंही व्हायचीत आता. तुम्ही म्हणाल ते मी देईन."

धनेशाने ओढ्याच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाला, "ओढ्यापलीकडे उंबर आहे. पूर्वी मी एका झेपेत जायचो. आता जमत नाही. मी आहे तोवर रोज सकाळी मला पिकलेली उंबरं आणून देशील?"

"रोज देईन!" खार म्हणाली. असा तो सौदा ठरला.

त्याच दिवशी ती पहिल्यांदा घरात शिरली. आत अंधार होता आणि जुन्या फळांचा गोडसर वास येत होता. पायाखाली लाकडाचा भुसा, त्यात कधीकाळच्या बिया आणि एक लांब पांढरे पीस. भिंतीवरून वरपासून खालपर्यंत एक खोल पन्हळ उतरली होती. बोट फिरवावे तसे तिने त्यातून पंजा फिरवला. वर पाहिले तर खूप उंचावर एक चीर होती आणि तिच्यातून आकाशाचा निळा धागा दिसत होता. खाली तळाशी, एका कोपऱ्यात, मुठीएवढे एक भोक होते. त्यातून वारा आत येई आणि कुणी बासरीत नुसतीच फुंकर मारावी तसा आवाज करी. खार भुशावर आडवी झाली. ऊन हळूहळू आत आले, भिंत सोनेरी झाली आणि खारीला वाटले, आपण झाडात नाही, एखाद्या मोठ्या पिकल्या फळात येऊन पडलो आहोत.

मग दुरुस्ती सुरू झाली. लाकूडकामाला सुतार पक्षी आला आणि लिंपणाला कुंभारीण माशी. सुतार मोठा हौशी. काम दिसले की त्याची मान आपोआप हलू लागे. त्याने कुजलेले लाकूड टोचून टोचून बाहेर काढले, खालची जमीन सपाट केली. कुंभारीण माशीने ओल्या मातीच्या गोळ्या आणून फटीची कड अशी लिंपली की खार तिच्याकडे बघतच राहिली.

"आता ते खालचं भोक," खार म्हणाली. "तिथून फार वारा येतो. शिवाय दिसतंही कसं! पार बंद करून टाका."

"ठोकायचं असेल तर आपण तयारच," सुतार म्हणाला. "पण वरची चीर? ती पार फांद्यांपर्यंत गेलीय. ती काही माझ्यानं बुजायची नाही."

खारीने वर पाहिले. निळा धागा चमकत होता. "ती राहू दे. तिथून चांदणं येईल."

सुताराने लाकडाचे एक जाड बूच तासून भोकात ठोकून बसवले. कुंभारीण माशीने त्यावर फणसाच्या चिकात मळलेली माती फासली आणि अभिमानाने सांगितले, "आता यातून मुंगीसुद्धा जायची नाही." वाऱ्याची बासरी थांबली. खार त्या निवांत शांततेत डोळे मिटून बसली. अगदी तिच्या मनातल्यासारखे घर झाले होते.

ती रोज सकाळी ओढा ओलांडून जाई, उंबरे आणी आणि धनेशापुढे ठेवी. या कामात तिने एक दिवसही कुचराई केली नाही. फक्त ती तिथे थांबत नसे.

"बस की जरा," धनेश म्हणे. "त्या घराचं एक सांगायचं राहिलंय. तळाला ते जे..."

"आजोबा, उद्या नक्की बसते. आज कापूस आणायचाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "अगं, पाणी जेव्हा..."

"हो आजोबा, ओढ्याला पाणी कमी आहे, येते मी नीट. तुम्ही काळजी करू नका." आणि ती गेलीसुद्धा. धनेश उंबरे खाई आणि पुन्हा घराकडे बघत बसे. पानांच्या गर्दीत तळाचे भोक त्याला जांभळीवरून नीट दिसत नव्हते.

यथावकाश खारीला पिल्ले झाली. अंगावर जेमतेम लव आलेली, डोळे अजून मिटलेले. ती सावरीच्या कापसात एकमेकांच्या कुशीत झोपत, आणि खार त्यांच्याभोवती शेपटी गुंडाळून पडून राही. संध्याकाळी ऊन आत येऊन त्यांच्या पाठीवर बसे. "याहून आणखी काय हवं असतं?" असे ती स्वतःशीच म्हणे.

हस्त नक्षत्र लागले. एके दिवशी दुपारी डोंगरामागून ढग चढले, राई काळवंडली आणि पाऊस कोसळू लागला. राईत लांबचे झाड दिसेना. खार पिल्लांना जवळ घेऊन ऐकत होती. पक्क्या घरात बसून पाऊस ऐकणे किती सुखाचे असते, असा विचार तिच्या मनात आला न आला, तोच तिच्या शेपटीला गार लागले.

तिने मान वळवली. वरच्या चिरेतून पाणी आत शिरले होते आणि भिंतीतल्या त्या पन्हळीतून सरसर उतरत होते. साऱ्या फांद्यांवरचे पाणी जणू त्या एकाच चिरेशी येऊन मिळत होते. तळाशी ते साठले. कापूस भिजला, मग तरंगू लागला. पिल्ले चुळबुळत किंचाळू लागली.

खारीने एकाला तोंडात धरले आणि फटीशी आली. बाहेर पाण्याच्या दोऱ्या अशा आपटत होत्या, की तिलाच खोडावर पाय रोवता येईना. एवढ्याशा जिवाला घेऊन जायचे कुठे? आंब्यावरचा जुना गोळा केव्हाच विखुरला होता. ती परत आत आली. पाणी वाढतच होते. तिने सगळ्या पिल्लांना ओढून भिंतीतून पुढे आलेल्या एका खुंटावर ठेवले. पण खुंटाचे टोक पाण्याच्या वर बोटभरच होते. आणि तेव्हा तिला उमगले, की हे पाणी आजच आलेले नाही. ते नेहमीच येत असणार. फक्त त्याला बाहेर जायची वाट होती, आणि ती आपण बुजवली.

ती फटीतून बाहेर पडली आणि खोडावरून घसरत, लोंबकळत खालच्या भोकाशी पोहोचली. "सुतारदादा!" ती ओरडली, पण पावसात तिचा आवाज सुतारापर्यंत पोहोचला नाही. तिने दात लावले. फणसाच्या चिकातली माती दगडासारखी झाली होती. ती कशीबशी निघाली, तर खाली बूच. पाण्याने फुगून आणखी घट्ट बसलेले. खार कुरतडत राहिली. तिच्या तोंडातून रक्त आले, पावसाने ते धुऊन नेले. वरून पिल्लांचे किंचाळणे ऐकू येत होते. मग ते बारीक झाले.

तिकडे जांभळीवर धनेश पंख मिटून भिजत बसला होता. त्याला पावसाचे काही वाटत नव्हते. असा पाऊस झाला की बेहड्याच्या खोडातून, घराच्या खालून, पाण्याची एक धार सुटते आणि खालच्या दगडावर आपटते, हे तो जन्मापासून पाहत आला होता. त्याने दगडाकडे नजर टाकली. पावसाच्या थेंबांशिवाय तिथे काहीच पडत नव्हते. एवढा पाऊस, आणि धार कशी नाही? म्हाताऱ्याने फार विचार केला नाही. आखडलेला पंख त्याने कसाबसा उघडला, फांदी सोडली आणि पडत, धडपडत तो बेहड्यावर येऊन आदळला.

"सर बाजूला!" तो म्हणाला.

खारीने कुरतडून केलेल्या खाचेत त्याने आपल्या प्रचंड चोचीचे टोक घातले आणि पाचरीसारखे दाबले. एकदा, पुन्हा, पुन्हा. बूच कर्रकन चिरले. दुसऱ्याच क्षणी ते पाण्याच्या जोराने उडाले आणि बेहड्याच्या पोटातून गढूळ लोट बाहेर पडला. त्यात कापूस होता, माती होती, ते पांढरे पीसही होते. खार वर धावली. पिल्ले त्या खुंटाला नखांनी लटकून होती. गारठलेली, अर्धमेली, पण जिवंत. धनेश फटीशी आला, आणि त्याने आपला चांगला पंख आत सरकवला. पाऊस ओसरेपर्यंत पिल्ले त्या पंखाखाली होती. बाजूच्या पन्हळीतून पाणी शांतपणे उतरत होते आणि खालून निघून जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खार उंबरे घेऊन गेली. उंबरे ठेवली आणि फांदीवर बसली. "आजोबा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमची पिल्लं पावसात कुठं असायची?"

"आमची पिल्लं उन्हाळ्यातच उडायची गं. पण वळिवाचं पाणी यायचंच. फटीच्या आत डाव्या हाताला एक कोनाडा आहे बघ, पन्हळीपासून दूर. तिथं."

"तिथं तर मी काठोकाठ बिया भरल्यात!"

धनेश हसला. कितीतरी दिवसांनी हसला असेल. "बिया भिजल्या तर रुजतील. पिल्लांचं तसं नाही." मग तो सांगत गेला. कोणत्या महिन्यात ऊन कुठपर्यंत येते, उन्हाळ्यात खालच्या वाऱ्याने घर कसे गार राहते, धनेशीण त्या बासरीच्या आवाजावर पिल्लांना कशी निजवी. खार ऐकत राहिली. ऊन जांभळीवरून उतरून ओढ्यापर्यंत गेले तरी ती उठली नाही.

हस्ताचा पाऊस अजून संपला नव्हता. तो पुन्हा आला, तेव्हा पिल्लांचे डोळे उघडले होते. कोनाड्यातल्या नव्या कापसातून माना बाहेर काढून ती बघत होती. समोरून, हाताच्या अंतरावरून, पाणी चमकत खाली चालले होते आणि तळाच्या भोकातून गुणगुणत नाहीसे होत होते.

"आई, हे पाणी कुठं जातं?" एका पिल्लाने विचारले.

"ओढ्याला."

"मग आपल्या घरातून कशाला जातं?"

"त्याची वाट आहे ती," खार म्हणाली. "आपण मागून आलो."

तात्पर्य : जुने घर सुधारायला घेण्याआधी ते समजून घ्यावे; आपल्या डोळ्यांना जी खोट दिसते, तिच्याच आधारावर ते इतकी वर्षे उभे असू शकते.