आपोआप

“पण अप्पा, सकाळचंही तेवढंच आणि संध्याकाळचंही तेवढंच... असं कसं?”

रक्ततपासणीचे कागद हातात धरून डॉक्टर विरूपाक्ष बिराजदार विचारत होता. पण विचारायचं कुणाला? समोर मठाचे वृद्ध स्वामी, अप्पा, बसले होते, कपाळावर भस्म, पाय घोंगडीत.

याच मठाने आईबापावेगळ्या विरूपाक्षाला भाकरी दिली, शिकवलं. आता तो शहरातला नावाजलेला डॉक्टर. अप्पा पूजेला बसल्यावर उठेनासे झाले तसा तो धावत आला. भरल्या सभामंडपात भक्तांना सांगून बसला, “काळजी सोडा. अप्पांना पुन्हा त्यांच्या पायांवर उभं करतो.”

तपासण्या झाल्या. शंका नको म्हणून ताडून पाहायला त्याने स्वतःचंही रक्त तपासलं.

“काय निघालं?” अप्पांनी विचारलं.

“रोग नाही. पण माणसाच्या रक्तातलं लोह सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं. दिवसाची एक लय असते. वय झालं की ती मंदावते. तुमची जवळजवळ थांबलीय.”

“तुझं चढतं?”

“चढतं की.”

“त्यासाठी तू काय करतोस?”

विरूपाक्ष हसला. “काही नाही. आपोआप होतं ते.”

“आपोआप...” अप्पांनी शब्द गुळाच्या खड्यासारखा तोंडात घोळवला. “म्हणजे इतकी वर्षं माझ्याही अंगात रोज कुणीतरी ते चढवत होतं, उतरवत होतं?”

“हो.”

“आणि मला पत्ता नाही!”

अप्पांचे डोळे भरून आले. चेहरा मात्र असा खुलला, जणू काही गेल्याचं नव्हे, मिळाल्याचं कळलं होतं.

विरूपाक्षाला ते बघवेना. “मी गोळ्या देतो, अप्पा. पुण्याला नेतो.”

“त्याने लय परत येईल?”

विरूपाक्षाने कागदांची घडी घातली. या घरात त्याला खोटं बोलवेना.

“लोह वाढेल कदाचित. लय... नाही येणार.”

“मग असू दे.”

बाहेर अंगणात पंगतीसाठी बायका ज्वारी पाखडत होत्या.

“ऊन आलंय का रे बेलापाशी?”

“आलंय.”

“उठव मला.”

विरूपाक्षाने काखेत हात घालून त्यांना उठवलं. अप्पांनी हात त्याच्या खांद्यावर टाकला. एकेक पाऊल टाकत दोघे उंबरा ओलांडून बाहेर आले. बायकांची सुपं थांबली. कुणीतरी हात जोडले.

विरूपाक्षाची मान वर होईना.

“लोकांसमोर मोठा शब्द दिला होता, अप्पा,” तो पुटपुटला. “तुम्हाला तुमच्या पायांवर उभं नाही करता आलं मला.”

अप्पा थांबले. उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर निवांत सोडून दिला.

“मग मला पेलणारे हे तुझे पाय कुणाचे आहेत, विरू?”