छत्तीस डोकी, एकशे एक पाय

"छत्तीस डोकी आणि एकशे एक पाय! हरणं किती, मोर किती? सांगेल त्याला मागेल ते मिळेल. चुकेल त्यानं भर दरबारात कोंबड्यासारखं आरवायचं!"

राजा चंडप्रतापानं हे कोडं घातल्यापासून दरबारात आरवण्याखेरीज दुसरं कामच झालं नव्हतं. सेनापती आरवले. राजवैद्य आरवले. दिवाणजींनी तर हट्टानं पुन्हा पुन्हा उत्तर दिलं आणि घसा बसवून घेतला.

अशा दरबारात सावरवाडीच्या गुराख्याची लेक गोजरा येऊन उभी राहिली. सावरवाडीचं हिरवंगार कुरण राजानं आपल्या लाडक्या हरणामोरांसाठी कुंपण घालून बळकावलं होतं. गावच्या गाई वाळका पाला चघळून हाडकल्या होत्या, वासरं कोरड्या आचळांना ढुशा देत होती.

"महाराज, आमचं कुरण परत द्या," गोजरा म्हणाली.

"देतो की! कोडं सोडव. पण चुकलीस तर आरवायचं, आणि कुरण कायमचं आमचं!"

गोजराला गाईंचे डोळे आठवले आणि तिनं पदर खोचला.

"जनावरं बघायला मिळतील?"

"मुळीच नाही! फाटक बंद! आत छत्तीस जनावरं सोडलीत, असं या हणम्यानं शपथेवर सांगितलंय. त्यात कोण किती ते फक्त त्यालाच ठाऊक." राजानं जनावरांच्या राखणदाराकडे बोट दाखवलं. हणमा मुंडाशाचं टोक तोंडात कोंबून उभा होता. "आणि पाय," राजानं छाती फुगवली, "पाय आम्ही स्वतः मोजलेत!"

"बरं तर. मी सगळ्या हरणांना मागच्या दोन पायांवर उभं करते."

"हरणं ऐकतील तुझं?"

"मनातली ऐकतात, महाराज. आता हरीण काय नि मोर काय, जमिनीवर प्रत्येकाचे दोनच पाय. छत्तीस जणांचे झाले बहात्तर. एकशे एकातून बहात्तर गेले, उरले एकोणतीस. हे हवेतले, हरणांचे पुढचे. एका हरणाचे दोन, म्हणजे हरणं झाली..."

गोजरा थबकली.

"किती? किती?" दिवाणजी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"साडेचौदा."

दरबारात हशा पिकला. "अर्धं हरीण! पुढचं का मागचं?" सेनापती ओरडले. "आरव, पोरी, आरव!"

गोजराचे कान तापले. तिनं बोटांवर पुन्हा हिशेब केला. तेच! मग तिच्या ध्यानात आलं. हरणाचे पाय चार, मोराचे दोन. कितीही हरणं घ्या, कितीही मोर घ्या, पाय जोडीनंच येणार. मग हा एकटा पाय आला कुठून?

"थांबा! हणमादादा, आत कुणी लंगडं आहे?"

हणम्यानं जोरजोरात मान हलवली. नाही.

"मग महाराज, आपण पाय मोजलेत कसे, तेवढं सांगा."

"सांगतो कशाला, करून दाखवतो!" राजा हौसेनं सिंहासनावरून उतरला. "फाटकाच्या फळ्या जमिनीपासून वीतभर वर आहेत. आत दाणे टाकले, जनावरं खायला जमली. आम्ही जोडे काढले, बुजतात ना ती! मग जमिनीवर बसून फटीतून बघायला वाकलो. पण हे पोट आडवं आलं ना! शेवटी एक पाय असा फाटकाखालून आत सारला, तेव्हा कुठं वाकता आलं."

भर दरबारात महाराज एक पाय लांब करून जमिनीवर पसरले होते. कुणाची हसायची छाती होईना.

"आणि महाराज," गोजरानं विचारलं, "त्या वेळी आपलं डोकं कुठं होतं?"

राजानं मान वर केली.

"डोकं? डोकं अर्थात बाहेर!"

"मग जमलं! डोकं बाहेर राहिलं आणि पाय आत मोजला गेला. एकशे एकावा पाय आपलाच, महाराज!"

राजानं आपल्या पायाकडे पाहिलं. पायाची बोटं हलवून पाहिली.

"तो वजा केला की पाय शंभर," गोजरा सुसाट सुटली. "बहात्तर जमिनीवर, अठ्ठावीस हवेत. हरणं चौदा, मोर बावीस! हरणांचे छप्पन्न पाय, मोरांचे चव्वेचाळीस. घाला बेरीज!"

"हणम्या! बोल!"

हणम्यानं तोंडातलं मुंडाशाचं टोक काढलं. "चौदा आणि बावीस, सरकार! अगदी बरोबर! तो पाय मला तेव्हाच दिसला होता."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"पाय सरकारचा होता. आणि मला डोकं एकच आहे."

राजाचं पोट आधी हललं, मग खांदे हलले, आणि मग असा गडगडाट झाला की छतावरची कबुतरं उडाली. डोळे पुसत त्यानं विचारलं, "पण काय गं, आमचा पाय मोराचा म्हणून मोजला गेला की हरणाचा?"

"मोजणारे आपण होतात, महाराज. आपल्यालाच ठाऊक!"

"कुरण घे!" राजा हसता हसता ओरडला. "आणि आमच्या गोठ्यातली पाच दुभती गुरं घे! हणम्या, आमची जनावरं आजच्या आज इकडे हलव!"

"इकडे कुठं, सरकार?"

"राजवाड्यात जागा असेल तिथं!"

दिवस मावळायच्या आत सावरवाडीच्या गाई कुरणात शिरल्या. चौदा हरणं आणि बावीस मोर मात्र राणीसाहेबांच्या गुलाबाच्या बागेत शिरले, आणि ते पाहून राणीसाहेबांनी जी किंकाळी फोडली, ती सावरवाडीपर्यंत ऐकू आली.