हेवा बोलायचा शनवार

दांडेखारच्या मशिदीत माघातल्या एका शनवारी दहा आज्ञांची पराशा वाचतात. दचकू नका, आम्ही बेने इस्राएल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतो. पराशा म्हणजे तोराचा, आमच्या धर्मग्रंथाचा, त्या आठवड्याचा पाठ. तो संपला की तोरा लगेच कपाटात ठेवत नाहीत. आधी प्रत्येकाने शेजारच्याकडे वळून, त्याच्या कशाचा हेवा वाटतो ते मोठ्याने सांगायचं. ही रीत मुसाजी तेल्यामुळे पडली, असे सांगतात.

तेव्हा इथे आमच्या लोकांचे दोन घाणे होते. एक मुसाजीचा, एक हसाजीचा, मध्ये नुसता कूड. शनवारी दोन्ही बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. हसाजीचा बैल मोगऱ्या, न हाकता दिवसभर फिरायचा. मुसाजीचा दहा फेऱ्यांत बसायचा. कुडापलीकडे मोगऱ्याची घंटा एकसारखी वाजे आणि इकडे मुसाजी जेवण सोडून त्या फेऱ्या मोजत बसे. बायको मिल्काबाई म्हणायची, "अहो, बैल त्यांचा, नि वाळताय तुम्ही!"

एका शनवारी मशिदीत जाताना मुसाजीने पाहिलं, सुटीचा मोकळा सोडलेला मोगऱ्या खाडीच्या चिखलात पोटापर्यंत रुतलाय. भरती लागायची होती. हसाजी नुकताच पुढच्या वळणाआड गेला होता, एका हाकेवर. मुसाजीने मान फिरवली. मनाशी म्हणाला, 'आज शब्बाथ, विसाव्याचा वार. दोर ओढणं म्हणजे काम. देवाची आज्ञा मी कशी मोडू?' एवढा धर्मनिष्ठ तो जन्मात झाला नव्हता.

कोचीनकडून आलेले गुरुजी पराशा वाचून मराठीत अर्थ सांगत होते. शब्बाथ पाळ, ही आज्ञा आली तेव्हा मुसाजी ताठ बसला. मग शेवटची आली. शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको. त्याच्या बायकोचा, चाकराचा, बैलाचा...

बैल! त्याच क्षणी म्हणे त्याला ती घंटा ऐकू आली. खाडी अर्धा कोस लांब, बाकी कुणाला काही नाही, त्याला एकट्याला.

तो उभा राहिला. "हसाजी, तुझ्या बैलाचा मला हेवा वाटतो. तो खाडीत रुतलाय. मी बघून आलो आणि गप्प बसलो."

हसाजी पांढराफटक पडला. गुरुजी कडाडले, "मुकं जनावर मरतंय, आणि शब्बाथ कसले पाळता? पळा!"

पाणी मोगऱ्याच्या नाकाला लागलं होतं. मुसाजी छातीभर चिखलात उतरला, त्याने पोटाखालून दोर घातला. बैल निघाला, पण मागचा पाय गेला तो गेलाच. घाण्याला पुन्हा लागला नाही.

रविवारी मुसाजीने आपला बैल हसाजीच्या दारात नेऊन बांधला.

"हा दहा फेऱ्यांत बसतो, ठाऊक आहे मला," हसाजी म्हणाला. मग बैलापुढे वैरण टाकत म्हणाला, "मेल्या, हेवा वाटत होता तर बोलायचंस. दोन दिवस मोगऱ्याला घेऊन जा म्हटलं असतं."

मुसाजी कुडाला टेकून ढसाढसा रडला. पुढे तो कूड दोघांनी मिळून काढला. वर्षाने तीच पराशा आली तेव्हा आधी हसाजी उठला, "मुसाजी, तुझ्या बायकोसारखं तोंडावर बोलणारं माझ्या घरी कुणी नाही. हेवा वाटतो."

आजही ही रीत चालते. गावात आमची दोनच घरं राहिलीत, बाकीचे इस्रायलला गेले. प्रार्थनेला निदान दहा माणसं हवीत, ती भरायला अलिबागहून बोलवावी लागतात. गेल्या माघात म्हातारे रुबेनभाऊ शेजारी बसलेल्या, त्यांच्याच वयाच्या दानियेलकडे वळले. बायको जाऊन त्यांना वर्ष झालं होतं. म्हणाले, "तुझ्याशी भांडायला घरात माणूस आहे, त्याचा मला हेवा वाटतो."

दानियेल म्हणाला, "मग दुपारी जेवायला ये. बायकोला सांगतो, तुझ्याशीही भांडेल."