गाठीवरचा हात

"आणि ते कण गाठीबाहेर गेले, तर?"

अचळमुनींनी पुन्हा तेच विचारलं. इस्पितळाच्या खाटेवर ते पाय दुमडून बसले होते. मानेवर डावीकडे कॅन्सरची गाठ. ती रक्तवाहिनीला चिकटलेली, म्हणून सर्जननी कापायला नकार दिला होता.

डॉ. यदुराज बाभूळकर हसला. लहानपणी तो याच मुनींच्या मठात अक्षरं गिरवायला शिकला होता. आता त्याच्या शोधाचा देशभर बोलबाला होता. चुंबकी कणांच्या मदतीनंच त्यानं ही गाठ कॅन्सरची आहे हे ओळखलं होतं. आज तेच कण घेऊन तो पहिल्यांदा माणसावर उपचार करणार होता.

"नाही जाणार, बाबा. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण आहेत. सुईनं गाठीत सोडायचे, बाहेरून चुंबकाचं यंत्र सुरू करायचं. कण तापतात, गाठ जळते. बस्स."

"मला भीती वाटते, यदु."

यदुराज चपापला. मुनी, आणि भीती?

"तुम्हाला?"

"हो. तुला नाही वाटत?"

"छे! सगळं मोजूनमापून ठेवलंय मी."

"मग आज नको." मुनींनी पाय खाली सोडले.

"बाबा, अहो, गाठ वाढतेय! उशीर झाला तर श्वास कोंडेल तुमचा."

मुनींनी यदुराजचा हात धरला, हातमोजा ओढून काढला आणि त्याची बोटं गाठीवर ठेवली.

यदुराजनं ती गाठ पडद्यावर कितीदा तरी पाहिली होती. रंगीत, कडा आखलेली. हाताला लागली ती आज. कोमट. दगडासारखी टणक. आणि तिच्या अगदी खाली रक्तवाहिनी उडत होती. मेंदूकडे जाणारी...

त्याला दरदरून घाम फुटला.

"बाबा..."

"बोल."

"काही उंदरांत कण बाहेर गेले होते. ते मेले. का, ते अजून कळलेलं नाही. उपचाराला परवानगी देणाऱ्या समितीला सांगितलंय मी. तुम्हाला नाही सांगितलं."

मुनी त्याच्याकडे पाहत राहिले.

"नको करूया," यदुराज पुटपुटला. "मलाही भीती वाटतेय."



मग अचळमुनी खाटेवर आडवे झाले. त्यांनी मान उजवीकडे वळवली आणि डोळे मिटले.

"आता घे सुई."